तीळ सोडून

ऑफिसात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. कपड्यांशी तिचा काही संबंध नव्हता. अंगाला लावायचं क्रीम बनवणाऱ्या एका कंपनीत, जाहिरात विभागाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून, गेली एकवीस वर्षं ती बायकांच्या सुरकुत्या काढत होती. फोटोतल्या. खऱ्या बायकांच्या सुरकुत्या काढण्याचं काम क्रीमकडे होतं, आणि क्रीमला ते जमत नव्हतं म्हणूनच इस्त्रीबाईची नोकरी टिकून होती.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका दुपारात ती पाचजणींच्या कमरा, दोघींचे दंड आणि एकीचा गुडघा मार्गी लावायची. गुडघा सगळ्यात अवघड. गुळगुळीत केला की पाय उशीसारखा दिसतो, आणि नाही केला तर मोहीममॅडम विचारतात, "हे मध्येच काय आलंय?"

मोहीममॅडम म्हणजे मार्केटिंगच्या प्रमुख. वय बत्तीस. दर तीन महिन्यांनी एक नवी मोहीम काढायच्या, म्हणून हे नाव, पाठीमागे घेतलेलं. एका सोमवारी त्यांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं आणि बायकांना आता गुळगुळीत बायकांचा कंटाळा आलाय, अशी बातमी दिली.

"आता आपण खरी बाई दाखवायची," त्या म्हणाल्या. "जशी आहे तशी. वळ्या, डाग, सगळं. फोटोला कुणी हात लावायचा नाही."

सगळ्यांनी इस्त्रीबाईकडे पाहिलं. शोकसभेला ज्याची सभा तोच पुढच्या खुर्चीत येऊन बसावा, तसं पाहिलं.

"मग मी काय करू?" इस्त्रीबाईने विचारलं.

"तुम्ही सही करायची. फोटोखाली मोठ्या अक्षरात येणार, 'या छायाचित्राला मी हात लावलेला नाही. एक केसही इकडचा तिकडे केलेला नाही.' आणि त्याखाली तुमची सही. ज्या बाईने एकवीस वर्षं हात लावला, तीच सांगतेय की लावला नाही. लोकांचा विश्वास बसेल."

आज मी तुमच्या खिशात हात घातला नाही, असं एखाद्या खिसेकापूकडून लिहून घ्यावं, त्यातला हा प्रकार होता. पण एकवीस वर्षांत तिची सही पगाराच्या कागदाशिवाय कुठे उमटली नव्हती. इस्त्रीबाईला मनातून बरं वाटलं. वकिलांनी फक्त एक सूट ठेवली: कॅमेऱ्यातली धूळ पुसायला हरकत नाही. धूळ हा काही बाईचा भाग नव्हे, असं त्यांचं मत पडलं.

मग खरी बाई शोधायला सुरुवात झाली. एका एजन्सीने बारा साध्यासुध्या बायका पाठवल्या. त्या इतक्या साध्या होत्या की त्यांना बघून ऑफिसातल्या बायकांनी त्या दिवशी डबे अर्धेच खाल्ले. एकीच्या पोटावर वळी होती, पण ती वाकल्यावर. मॅडमनी तिला वाकूनच उभं राहायला सांगून पाहिलं. तर तिची चप्पल हरवली असावी असं वाटायला लागलं.

"यांच्यात राम नाही," इस्त्रीबाई बोलून गेली. "माझ्या नणंदेसारखी बाई पाहिजे."

बोलून गेली आणि अडकली.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वय छप्पन्न. इस्त्रीबाईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि पोहण्याच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायची. पोहायला येणाऱ्या बायका अंगाभोवती दोन-दोन टॉवेल गुंडाळून कपडे बदलायच्या खोलीतून निघायच्या, आणि कुणी पाहायच्या आत पाण्यात उतरता यावं म्हणून तुरुतुरु पळायच्या. एवढ्या घाईत त्या पाण्याऐवजी बऱ्याचदा फरशीवर आडव्या व्हायच्या. काठावर मात्र नणंद उभी असायची. पोहण्याच्या पोशाखात, गळ्यात शिट्टी, कमरेवर हात, दारासारखे खांदे, आणि मांड्या अशा की नव्या बायकांना त्या बघूनच धीर यायचा. "लाज गळ्यापर्यंत पाणी येईपर्यंत," ती सांगायची. "पुढे नुसती डोकी दिसतात. चला, श्वास घ्या."

तिच्या वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, मिरीएवढा तीळ होता. त्यावर एक केस. "भावाला वडिलांचं नाक मिळालं, मला हा," असं ती म्हणायची. बाकी स्वतःच्या दिसण्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

फोटोच्या बाबतीत मात्र या नणंद-भावजयीत एक जुनं प्रकरण होतं. इस्त्रीबाईच्या लग्नाचा अल्बम. नवी नवरी, हातात नवं नवं कसब. तिने प्रेमापोटी घरातल्या सगळ्यांना थोडं थोडं नीट केलं. सासऱ्यांना केस दिले, नवऱ्याला हनुवटी दिली आणि नणंदेचे दंड निम्मे केले. अल्बम घरी आला तेव्हा नणंदेने त्या पानावर बोट ठेवलं होतं.

"हा कुणाचा हात आहे?"

"तुमचाच, ताई."

"माझ्या हाताने मी अकराजणींना बुडताना वर ओढलंय. हा हात चहाचा कप तरी उचलेल का?"

त्यानंतर आठ महिने नणंद तिच्याशी फक्त गरजेपुरतं बोलली. गरजही मोजून लावली. शेवटी इस्त्रीबाईने शब्द दिला होता, की ताई, यापुढे तुमच्या फोटोला माझा हात लागणार नाही. तो शब्द तिने एकोणीस वर्षं पाळला. त्याला एक कारण असंही होतं, की नणंदेने त्यानंतर फोटोच काढून घेतला नव्हता.

त्यामुळे क्रीमच्या जाहिरातीचं विचारताना इस्त्रीबाई दारातच उभी राहिली.

"पोहण्याच्या पोशाखात?" नणंदेने विचारलं.

"हो."

"मोठा फोटो?"

"आठ फूट. आपल्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या काचेवर."

नणंदेने टॉवेल पिळला. "तो बघून चार बायका तरी कमी टॉवेल घेऊन येतील. काढू दे. पण तू शब्द दिलायस."

"आता तर खाली सहीच करतेय, ताई."

"बघू," नणंद म्हणाली.

फोटो काढायला फोटोकाका आले. हे कंपनीचे जुने फोटोग्राफर. माणूस देव, कॅमेरा कचरापेटी. त्यांच्या कॅमेऱ्यात आत कुठेतरी धुळीचा एक कण सात वर्षांपासून बसला होता, आणि तो प्रत्येक फोटोत एकाच ठिकाणी उमटायचा: उजवीकडे, वरच्या बाजूला, एक काळपट गोल ठिपका. साफ करून घ्या, असं इस्त्रीबाईने त्यांना शंभरदा सांगितलं होतं. "तू आहेस ना," काका म्हणायचे. मग तिनेही सांगणं सोडलं. रोज सकाळी डाव्या हातात चहा घ्यायचा, उजव्या हाताने फोटो उघडायचा, चारपट मोठा करायचा, आणि फरशी पुसावी तसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळा निरखायचा. चारपट मोठा केल्यावर माणूस दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात. उजवीकडे वर आली की बोट आपसूक दाबलं जायचं. ठिपका गायब. चहाचा घोट. मग खरं काम.

नणंदेचा फोटो तिने असाच पुसला. फक्त धूळ. पुढे खरं काम नव्हतं, म्हणून चहा संपवला आणि कागदावर झोकदार सही केली.

मॅडमनी फोटो पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"हे फारच चांगलं आलंय हो."

नणंद तलावाच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. दंड होते, मांड्या होत्या, पोट होतं, गुडघे तर होतेच. पण ती अशी उभी होती की पलीकडच्यालाच आपलं काही चुकलं असं वाटावं.

"हिची कातडी एवढी छान कशी? कुठलं क्रीम लावतात त्या?"

"कुठलंच नाही. पोहून आल्यावर साधं तेल."

"हे बाहेर बोलू नका," मॅडम म्हणाल्या. मग खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणला. "इस्त्रीबाई, हा फोटो जरा... हात न लावलेला वाटेल, असं काही करता येईल का? एकदोन रेषा. मांडीवर थोडं खडबडीत. लोकांना पटायला नको का?"

"मॅडम," इस्त्रीबाई ताठ बसून म्हणाली, "सही केलीय मी."

तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की त्या दिवशी ती जिन्याने घरी गेली. लिफ्ट चालू असताना.

मंगळवारी पोस्टर लागलं. शनिवारी सकाळी दुकानासमोर कार्यक्रम होता. वार्ताहर येणार होते, आणि नणंद स्वतः पोस्टरशेजारी उभी राहणार होती, म्हणजे लोकांना ताडून पाहता येईल. शनिवारी सगळं ठीक पार पडलं की मग बाकीच्या बारा दुकानांसाठी पोस्टरं छापायची.

बुधवारी ऑफिसला जाताना इस्त्रीबाई दुकानाच्या समोरच्या फुटपाथवर थांबली. आठ फुटी नणंद. खाली तिची स्वतःची सही, हाताच्या पंजाएवढी. शेजारी दोन बायका उभ्या होत्या.

"म्हणे हात लावलेला नाही," एक म्हणाली.

"लावल्याशिवाय दिसतं का असं कुणी," दुसरी म्हणाली. "पोट बघ, मुद्दाम वाढवलंय."

इस्त्रीबाईला हसू आलं. ते अर्ध्यावर थांबलं. चेहऱ्यात काहीतरी चुकत होतं. घरात पाऊल टाकल्याबरोबर काहीतरी हललंय हे कळावं, आणि काय ते मात्र कळू नये, तसं. तिने कपाळ पाहिलं, डोळे पाहिले, नाक पाहिलं, ओठ पाहिले. मग पुन्हा ओठ पाहिले.

ऑफिसात पोहोचल्यावर तिने पर्स खांद्यावर असतानाच फोटोकाकांना फोन लावला.

"काका, तुमचा तो धुळीचा कण..."

"गेला," काका खुशीत म्हणाले. "तुला सांगायचंच राहिलं. म्हटलं, खऱ्याची मोहीम आहे, आपणही जरा लाज बाळगावी. ताईंचा फोटो काढायच्या आदल्या दिवशी कॅमेरा साफ करून आणला. सात वर्षांनी. एक ठिपका सापडायचा नाही तुला."

"नाही सापडला," इस्त्रीबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मूळ फोटो उघडला. उजवीकडे वर, सात वर्षं जिथे धूळ बसायची बरोबर तिथे, नणंदेचा तीळ ऐटीत बसला होता. केसासकट. एकवीस वर्षांत इतक्या बायकांचं इतकं काय काय तिने ठरवून घालवलं, आणि तिच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी न ठरवता गेलं होतं. तेही जिला शब्द दिला होता तिचं, आणि खाली सही करून.

संगणकातला फोटो नीट करायला क्षणही लागला नाही. मूळ फोटोच उघडा होता. पण काचेवरचं पोस्टर छापून झालं होतं, आणि नवं छापायचं तर कागदावर मॅडमची परवानगी लागायची, 'कारण' हा रकाना भरून. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं, यावर इस्त्रीबाईने जेवणाची सुट्टी घालवली. शनिवारी नणंद तिळासकट पोस्टरशेजारी उभी राहणार. वार्ताहर तर ताडून पाहायलाच येणार. नोकरी जाईल, हे तिला दिसत होतं. पण खरी धास्ती तिला नोकरीची नव्हती. ती होती अल्बमच्या त्या पानावर ठेवलेल्या बोटाची. तेव्हा आठ महिने लागले होते. आता नणंद छप्पन्नची होती आणि वयाबरोबर हट्टात मुरत आलेली होती.

बुधवारी रात्रीचं जेवण नणंद खाली त्यांच्याकडेच घ्यायची. ती आली, बसली, जेवायला लागली. इस्त्रीबाईने तीनदा पाणी वाढलं.

"पोस्टर पाहिलंत का, ताई?"

"पाहिलं."

"कसं आहे?"

"छान आहे," नणंद म्हणाली.

इस्त्रीबाईच्या हातातला चमचा थांबला. एकोणीस वर्षांत नणंदेने कशालाही नुसतं छान म्हटलं नव्हतं. छान आहे पण मीठ कमी आहे. छान आहे पण पडदे बदला. आज 'पण'च आला नाही.

"मी तर तीनदा पाहिलं," नवरा म्हणाला. "हुबेहूब ताई. आता बोलेल की मग, असं वाटतं."

"तीनदा पाहूनही काही वेगळं वाटलं नाही तुला?" इस्त्रीबाईने त्याला विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "एवढी मोठी आहे," तो म्हणाला.

नणंद भावाकडे बघून हसली, आणि ताटावरून उठली.

शुक्रवारी सकाळी साडेसातला इस्त्रीबाई दुकानासमोर होती. दुकान दहाला उघडायचं. पर्समध्ये भुवया रेखायची एक तपकिरी पेन्सिल, एक काळं मार्कर आणि पुसायला रुमाल. शेजारच्या वर्तमानपत्रवाल्याकडून तिने उंच स्टूल मागून घेतलं. तो म्हणाला, "काच पुसायचीय का?" ती म्हणाली, "तसंच काहीसं."

चढली, आणि मग तिच्या लक्षात आलं की जवळून काहीच दिसत नाही. लांबून जी नणंद होती ती नाकाशी आणल्यावर नुसते शाईचे ठिपके होते: गुलाबी, पिवळे, राखाडी. ऑफिसात बोटाने फोटो लहानमोठा करता यायचा. इथे मोठा करायचा तर पुढे जायचं आणि लहान करायचा तर स्टुलावरून खाली पडायचं. ती उतरली, मागे गेली, जागा हेरली, पुन्हा चढली. तोवर जागा हरवली. असं चारदा झालं. पाचव्यांदा पेन्सिल टेकवणार, तेवढ्यात मागे शिट्टी वाजली.

ही शिट्टी अख्ख्या गल्लीत एकाच गळ्यात असायची.

"पाय सरळ," नणंद म्हणाली. "पडशील."

तलावावरची पहिली तुकडी संपवून ती आली होती. ओले केस, खांद्यावर टॉवेल. इस्त्रीबाई स्टुलावर वळली, पेन्सिल लपवायला पदर नव्हता, म्हणून पाठीमागे धरली.

"ताई, मी सांगणार होते."

"कधी? सोमवारी?"

"मी मुद्दाम नाही केलं. शपथ घेऊन सांगते. काकांच्या कॅमेऱ्यात धूळ असायची, तिथेच, बरोबर तिथेच. माझा हात आपोआप गेला. मला वाटलं धूळ आहे."

"माझा तीळ?"

"हो."

"धूळ?"

इस्त्रीबाईने मान खाली घातली. स्टुलावर उभं राहून मान खाली घातली की समोरच्याच्या डोळ्यांत थेट बघावं लागतं, हे तिला तेव्हा कळलं. नणंदेच्या डोळ्यांत राग दिसला नाही. तिथे काय होतं ते तिला ओळखता येईना.

"मंगळवारीच पाहिलं मी," नणंद म्हणाली. "लावत होते तेव्हाच. आधी वाटलं, वर चढून तुझी सही खरवडून काढावी. मग म्हटलं, थांब जरा. बघू तरी." तिने टॉवेल दुसऱ्या खांद्यावर टाकला. "तेव्हापासून रोज येतेय. पहिली तुकडी झाली की इथे समोर उभी राहते दहा मिनिटं."

"का?"

"तेरा वर्षांची होते तेव्हापासून वाटायचं, हा एक नसता ना, तर मी दिसायला बरी असते. दंडांचं कधी काही वाटलं नाही. मांड्यांचं नाही. लोक म्हणायचे, हिला कशाचीच लाज नाही. नव्हतीच. सगळी या एकट्यावर काढायची मी. रोज सकाळी दात घासताना आरशात त्याला बोलायचे. तुझ्यामुळे, म्हणायचे."

इस्त्रीबाईच्या हातातून पेन्सिलीचं टोपण सुटलं आणि घरंगळत दुकानाच्या दाराच्या शटरखाली गेलं.

"मग?" तिने हळूच विचारलं.

"मग काय. घालवलास की तू. तीन दिवस बघतेय." नणंदेने पोस्टरकडे हनुवटी केली. "तशीच दिसते गं मी. अगदी तशीच. त्या बिचाऱ्याला त्रेचाळीस वर्षं उगाच बोल लावले."

दोघींनी त्या आठ फुटी बाईकडे पाहिलं.

"आता काढ परत," नणंद म्हणाली. "त्याच्याशिवाय तोंड मोकळं मोकळं वाटतं. पाहुणे गेल्यासारखं."

"जागा सापडत नाहीये, ताई."

"एकोणीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवतेस, आणि जागा सापडत नाही." नणंद पोस्टरला पाठ लावून, तोंड तिच्याकडे वर करून उभी राहिली. "घे. बघून काढ. जरा डावीकडे."

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"माझ्या. ओठ माझा आहे."

इस्त्रीबाईने ठिपका दिला. नणंद मागे जाऊन बघून आली.

"मोठा कर."

तिने मोठा केला.

"अजून."

"पुरे की, ताई. एवढाच आहे."

"केवढा आहे ते मला माहीत आहे. रोज मी बघते का तू? मोठा कर."

इस्त्रीबाईने मार्कर काढलं. ठिपका गोटीएवढा झाला, मग लाडवाएवढा व्हायच्या बेताला आला. रस्त्यावरून भाजीची पिशवी घेऊन जाणारी एक बाई थांबली. "अहो," ती वर बघून म्हणाली, "त्या बिचारीच्या तोंडाला काळं का फासताय?"

"बिचारीने सांगितलंय म्हणून," नणंद म्हणाली. बाईने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग पिशवी खाली ठेवून बघतच उभी राहिली.

"आणि केस?" इस्त्रीबाईने विचारलं.

"काढ की. तुम्हीच लिहिलंय ना, एक केसही इकडचा तिकडे नाही म्हणून."

केस काढून झाला. इस्त्रीबाई उतरली. पेन्सिल पर्समध्ये टाकणार, तर नणंदेने खाली सहीकडे बोट केलं. तेच बोट, अल्बमवरचं.

"आणि ते?"

"ते काय?"

"हात लावलेला नाही म्हणतेस. खोटं आहे. एकदा पुसलंस आणि एकदा काढलंस. दोनदा लावलास."

"ताई, नोकरी जाईल माझी."

"जाईल किंवा नाही जाणार. सही तुझी आहे. मला काय, माझा तीळ मला मिळाला." नणंद स्टूल उचलून वर्तमानपत्रवाल्याकडे निघाली. दोन पावलं गेली आणि वळली. "आठ महिने अबोला नाही हो धरणार या वेळी. आठवडाभर धरेन. सवय म्हणून."

इस्त्रीबाई खाली बसली. सहीच्या बाजूला थोडी पांढरी जागा होती. तिने मार्करने, आपल्या नीटस अक्षरात लिहिलं: तीळ सोडून.

शनिवारी मोहीममॅडम पांढऱ्या कपड्यांत आल्या. पोस्टर बघून त्यांनी आधी पर्समधून रुमाल काढला, त्याचं टोक ओलं केलं आणि काचेवर कुणीतरी शिंतोडा उडवलाय असं म्हणत तिळाकडे हात नेला. नणंदेने त्यांचं मनगट धरलं. अकराजणींना वर ओढणाऱ्या हाताने धरल्यामुळे मॅडम जागच्या जागी थांबल्या.

"माझा आहे तो," नणंद म्हणाली.

मॅडमनी तिच्या ओठाकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. मग खाली सहीकडे पाहिलं, मग इस्त्रीबाईकडे. इस्त्रीबाईने तिथेच, फुटपाथवर, वार्ताहर येण्याआधी सगळं सांगून टाकलं. धूळ, चहा, बोट, स्टूल. एका दमात, नणंदेने शिकवलेल्या श्वासाने. मॅडम पांढऱ्या कपड्यांपेक्षा पांढऱ्या झाल्या.

"सोमवारी माझ्या खोलीत या," एवढंच त्या बोलल्या.

वार्ताहरांनी 'तीळ सोडून' मोठ्याने वाचलं आणि ते हसले. त्यातल्या एकीने विचारलं, ही कल्पना कुणाची? मॅडम पुढे झाल्या. "आमच्या टीमची," त्या म्हणाल्या.

सोमवारी इस्त्रीबाई टेबलाचे खण आवरूनच मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमच्या संगणकावर दोन फोटो शेजारी शेजारी उघडे होते. एक मूळचा, दुसरा काचेवरच्या पोस्टरचा, शनिवारी काढलेला.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "तुमचं मी मालकांना सांगितलंय. ते चिडले होते. मग त्यांनी वर्तमानपत्रं पाहिली. आता चिडलेले नाहीत." त्यांनी दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "बारा दुकानांना हा तीळ जाईल. तुम्ही काढलेला. मूळचा फार बारीक आहे, नजरेतच भरत नाही. हा जास्त खरा वाटतो."

इस्त्रीबाईने दोन्ही तीळ पाहिले. बोटं शिवशिवली नाहीत, असं म्हणता आलं नसतं.

"नाही, मॅडम. मूळचाच जाईल. नाहीतर सही काढा माझी."

मॅडमना सही हवी होती. मूळचा गेला.

संध्याकाळी घरी जाताना तिने नव्या पोस्टरचा एक छोटा छाप सोबत घेतला, आणि वरच्या मजल्यावर जाऊन तो नणंदेच्या टेबलावर ठेवला. आठवडा पुरा व्हायचा होता, त्यामुळे नणंद काही बोलली नाही. तिने चष्मा लावला. छाप दिव्याखाली धरला. मग उठून आरशापाशी गेली, तोंड आरशाला चिकटेल इतकं जवळ नेलं, आणि परत येऊन छाप पुन्हा पाहिला.

"हात लावलास का याला?"

"नाही, ताई. खरंच नाही. हा मूळचा आहे."

नणंदेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एवढासाच आहे होय," ती म्हणाली.